पहिलं ‘नको’

माझ्या जावयाने मला एका अक्षरात निकालात काढलं. चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी जावयाची निंदा करतोय असं वाटेल, आणि तो तर भला माणूस आहे. इतका भला, की माणूस जे बोलतो तेच त्याला म्हणायचं असतं, असं तो धरून चालतो.

२००७चा जानेवारी होता. नॉटिंगहॅमच्या आमच्या घरी बैठक भरली होती. सप्टेंबरात अमेरिकेत, यूटामधल्या झायन नॅशनल पार्कात जायचं ठरत होतं. लाल खडकांची प्रचंड घळ, तिच्या तळाशी नदी. पौंडाला जवळजवळ दोन डॉलर मिळत होते, त्यामुळे आमच्या ओळखीतला प्रत्येक मराठी माणूस त्या वर्षी अमेरिकेला निघाला होता. बहुतेक जण न्यू जर्सीला चुलतभावाकडे जाऊन, त्याच्या तळघरात झोपून, वरणभात खाऊन परत येत. आमच्या परीक्षितला साहस हवं होतं.

परीक्षित जन्मापासून कॉव्हेंट्रीचा. मेडनहेडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. भांडी घासायची झाली तरी आधी तक्ता करणारा. झायनसाठी त्याने लॅपटॉपवर तक्ता केला होता. डावीकडे आमची नावं, वरती एकेक साहस. येणार असेल तर हिरवा वाय, नसेल तर लाल एन.

नावं पाच. परीक्षित, आमची मुलगी इरावती, माझी बायको सुनीती, परीक्षितचे वडील उदयराव आणि मी. उदयराव म्हणजे आमचे व्याही. कॉव्हेंट्रीचे निवृत्त सर्जन, विधुर. अर्ध्या कॉव्हेंट्रीची पित्ताशयं त्यांनी काढली आहेत आणि उरलेल्या अर्ध्या कॉव्हेंट्रीला त्याचं वर्णन ऐकवलं आहे.

सगळ्यात मोठं साहस होतं नॅरोज. तिथे घळ इतकी अरुंद होते की वाट अशी उरतच नाही, नदीच वाट. हातात काठी घेऊन पाण्यातून चालायचं, कुठे घोट्याएवढं, कुठे कमरेएवढं. दोन्ही बाजूंना हजार फुटांच्या लाल भिंती.

आता मला एक कबूल करायला हवं. ही कल्पना मुळात माझी होती. मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत सूचीकार होतो. १९८१ साली रद्द केलेल्या पुस्तकांच्या ढिगातून मी झायनचं एक चित्रमय पुस्तक घरी आणलं. त्याच्या पान एकशेबारावर नॅरोजचा फोटो आहे. भिंती, पाणी, आणि पाण्यात कमरेपर्यंत उभा एक माणूस, नखाएवढा. त्याचं तोंड दिसत नाही. सव्वीस वर्षं मी त्या जागी माझं तोंड लावून बघत आलो आहे. बसतं, असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर फारसं कोणी विसंबू नये.

हे मी कुणाला बोललो नव्हतो. अडुसष्ट वर्षांच्या, रस्ता ओलांडतानाही गाडीवाल्याची माफी मागणाऱ्या माणसाने असं काही बोलणं बरं दिसत नाही. फक्त बैठकीच्या आधीच्या दिवाळीत पुस्तक कॉफी टेबलावर ठेवलं. पान एकशेबारा उघडून. वर चकलीची ताटली, म्हणजे हात तिकडे जावा. परीक्षितचा हात गेला. “वॉव! आपण हे करायला पायजे,” तो म्हणाला. मी म्हणालो, “हो का?” माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात धूर्त वाक्य.

तर बैठक. परीक्षितने एकेकाला विचारायला सुरुवात केली.

“पपा, नॅरोज?”

“ऑफ कोर्स!” उदयराव गरजले. “सह्याद्रीत वाढलोय मी.” ते वाढले दादरला.

“आई?”

“येणार,” सुनीती म्हणाली. कांदा चिरताना, मान वर न करता.

“बाबा?”

मी खुर्चीत सावरून बसलो. सव्वीस वर्षांनी प्रश्न आला होता. मी म्हणालो, “छे छे, मी कसला! तुम्ही जा.”

मराठी वाचकाला यातलं काही समजावायला नको. पहिलं ‘नको’ हा नकार नसतो, ते घसा साफ करणं असतं. यजमानाने “असं कसं, असं कसं” म्हणायचं, आपण “नाही हो, खरंच नको” म्हणायचं, मग त्याने वाढायचं, आपण ताटावर हात आडवा धरायचा, बोटांमध्ये फट ठेवून. एवढं झालं की जेवण सुरू. मी माझं पहिलं ‘नको’ म्हटलं आणि बोटांत फट ठेवून थांबलो.

“नो प्रॉब्लेम, बाबा,” परीक्षित म्हणाला आणि त्याने कळ दाबली. माझ्या नावापुढे लाल एन आला.

“तुमच्यासाठी खूप छान प्लॅन बी आहे. नदीच्या बाजूला एक रस्ता आहे, पक्का. व्हीलचेअरपण जातो. आणि लॉजसमोर लॉन आहे, मोठा झाड आहे. तुम्ही पुस्तक वाचू शकता.”

मी म्हणालो, “वा.”

त्यानंतर तीन महिने मी एकाच उद्योगात होतो. कुणीतरी मला दुसऱ्यांदा विचारावं. इरावतीचा फोन आला की मी सहज विचारल्यासारखं विचारी, “तुमचे ते पाण्यातले बूट आले का गं?”

“आले, बाबा. आणि तुम्ही टेन्शन घेऊ नका हं. परीक्षितने सांगून ठेवलंय, बाबांना कोणीही फोर्स करायचा नाही.”

मला कुणीतरी फोर्स करावा म्हणून मी देवाला नारळ बोललो असतो, पण देवालाही पहिल्या खेपेला स्पष्ट सांगायचा संकोच वाटतो.

मार्चमध्ये मी सरावाला लागलो. पुस्तकात लिहिलं होतं की नॅरोजचं पाणी भर उन्हाळ्यातही गार असतं, अंगाला सवय हवी. म्हणून सुनीती बाहेर गेल्यावर मी बाथटबमध्ये गार पाणी भरून त्यात उभा राहू लागलो. पॅंट घालून, जुने बूट घालून, हातात छत्री. काठी घरात नव्हती. पाच मिनिटं, मग सात, मग दहा. समोर नळ होता, त्याच्या मागे पांढऱ्या टाइल्स. मी त्या लाल समजत असे.

एका मंगळवारी सुनीती लवकर परतली.

तिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं. ती तीस वर्षं भूलतज्ज्ञ होती. माणसं शुद्ध हरपताना काय काय करतात हे तिने पाहिलेलं आहे, त्यामुळे ती किंचाळली नाही.

“अहो, गळतंय का कुठे?”

“नाही. सराव.”

“कसला?”

उत्तर द्यायची गरज नव्हती. बेसिनवर पुस्तक उघडं होतं, पान एकशेबारा.

ती कमोडच्या झाकणावर बसली आणि हसली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो. मग डोळे पुसून म्हणाली, “एक ‘हो’ म्हणायला तुम्हाला भूल द्यावी लागेल का? उद्या पोरांना फोन करा आणि सांगा.”

“तू सांग ना. म्हणावं, त्यांना विचारून तर बघा.”

“मुळीच नाही. लग्नाच्या वेळी काय केलंत? माझ्या वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का. तुम्ही म्हणालात, ‘बघू.’ वडिलांनी दुसरं स्थळ बघायला घेतलं होतं. मी तुमच्या लायब्ररीत येऊन परत विचारलं म्हणून संसार झाला. तेव्हा एकदा विचारलं. आता माझा कोटा संपला.” ती उठली. “आणि बाहेर या. न्यूमोनिया झाला तर त्या झाडाखालीही बसता येणार नाही.”

मी फोन केला नाही. तीनदा उचलला. एकदा परीक्षितशी बोललोसुद्धा, मेडनहेडच्या पार्किंगबद्दल.

एप्रिलात परीक्षितने रंगीत तालीम ठेवली, डव्हडेलला. आमच्यापासून गाडीने तासाभरावर. छोटी नदी, दोन्ही बाजूंना टेकड्या, मेंढ्या, आणि पाण्यातून पलीकडे जायला ओळीने ठेवलेले दगड. दगडांवरून शाळेची सहल चालली होती. आमच्या मंडळींनी मात्र दगड सोडून शेजारच्या पाण्यात उतरायचं होतं, नवे बूट तपासायला. वाटेवरचे इंग्लिश लोक आमच्याकडे बघून नम्रपणे दुसरीकडे बघत होते.

मला बाकावर बसवलं होतं. माझ्या ताब्यात दोन थर्मास, चिवड्याचा डबा आणि चार जणांचे मोजे. परीक्षितने माझ्या गुडघ्यांवर शाल घातली. मी ती काढायचं धाडस केलं नाही.

इरावती उतरली. परीक्षित उतरला. सुनीती साडेतीन मिनिटांत पलीकडे जाऊन परतसुद्धा निघाली. उदयराव पाण्याच्या कडेला उभे राहिले. बूट घातलेले, काठी हातात. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. बूट सोडून पुन्हा बांधले. काठीने पाणी ढोसलं, जणू त्याला गाठ आहे का बघताहेत. मग वळून थेट माझ्या बाकाकडे आले.

“श्रीनिवासराव, तुम्ही असे एकटे बसलात, बरं दिसत नाही हो. व्याही ना तुम्ही आमचे!”

“नाही नाही, मी अगदी मजेत आहे.”

“ते तुम्ही म्हणणारच. मी काय म्हणतो, तिकडे झायनलाही तुम्ही एकटेच पडाल. मी थांबतो तुमच्याबरोबर. मुलं जाऊ देत पाण्यात. आपण दोघे झाडाखाली निवांत बसू. तुम्हाला मी ७९ सालची ती केस सांगितलीच नाही, ज्यात पित्ताशय डाव्या बाजूला निघालं.”

सांगितली होती. चार वेळा.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते नदीकडे पाठ करून उभे होते. दादरच्या या वाघाला पाण्याची भीती वाटत होती. भीती वाटते म्हणून सांगणं सर्जनला शोभत नाही, म्हणून ते माझ्या एकटेपणाच्या आडोशाला आले होते. मी नुसतं “बरं” म्हटलं असतं तर त्यांची सुटका होती. आणि मी सप्टेंबरात अमेरिकेतल्या एका झाडाखाली, पान एकशेबारापासून चार-पाच मैलांवर, डावीकडचं पित्ताशय पाचव्यांदा ऐकत बसलो असतो.

चांगुलपणाचा मला आयुष्यभर सराव आहे. तो कुठे कमी पडला ते सांगता येत नाही. मी उठलो. शाल पडली. मोजे पडले.

“उदयराव,” मी म्हणालो, “मला जायचंय.”

“टॉयलेटला? ते कार पार्कपाशी आहे.”

“पाण्यात.”

आणि मी उतरलो. चामड्याचे चांगले बूट होते, इरावतीच्या लग्नात घेतलेले. पाणी घोट्यात शिरलं, मग पोटऱ्यांत, मग गुडघ्यांत, आणि माझ्या लक्षात आलं की बाथटबात प्रवाह नसतो. ही बाब सरावात सुटली होती. मी हात पसरून डावीकडे कललो, उजवीकडे कललो. दगडांवरच्या सहलीतल्या मुली ओरडायला लागल्या, “गो ऑन, ग्रॅंडपा!”

परीक्षित धावत, म्हणजे पाण्यात जितपत धावता येतं तितपत, माझ्यापर्यंत आला आणि त्याने माझं कोपर धरलं.

“बाबा! काय झालं? काही पडला का पाण्यात?”

“नाही. मला नॅरोजला यायचंय.”

“पण तुम्ही नो म्हणाला होता.”

“ते पहिलं होतं,” मी म्हणालो. नदीच्या मधोमध उभं राहून याहून जास्त समजावता येण्यासारखं नव्हतं.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “आर यू शुअर?”

तीन महिने ज्या दुसऱ्या प्रश्नाची मी वाट पाहत होतो तो हा होता, आणि तो उलटा आला होता. आपल्याकडे दुसऱ्यांदा विचारतात ते ‘हो’ म्हणवून घ्यायला. इंग्लंडात विचारतात ते झालेलं ‘हो’ परत घ्यायची सोय म्हणून. माझ्या घशात ‘नाही म्हणजे, तुमची अडचण होणार असेल तर’ हे सबंध वाक्य तयार होऊन बसलं होतं. काठावर सुनीती उभी होती. नुसती बघत होती, लायब्ररीत आली होती तेव्हा बघत होती तशी.

“हो,” मी म्हणालो.

“कूल,” परीक्षित म्हणाला. “बूट कुठला साइज?”

“आठ.”

एवढंच होतं ते. मला जरा फसवल्यासारखंही वाटलं.

नंतर बाकावर सगळे चहा पीत बसलो. माझ्या पॅंटमधून डव्ह नदी निथळत होती. परीक्षितने तक्त्याची छापील प्रत काढली, माझा एन खोडला आणि पेनने वाय लिहिला. उदयरावांचे बूट अजून कोरडे होते आणि माझ्यामुळे त्यांचा आडोसा गेला होता. ते चिवड्यातले शेंगदाणे बाजूला काढत होते आणि मग तेच खात होते.

मी खाकरलो. “उदयराव, एक विनंती होती. तिकडे गाड्या आत नेता येत नाहीत, पार्काची बस असते. आम्ही सगळे पाण्यात, मग पासपोर्ट, सामान, सगळं कुणी सांभाळायचं? एखादा जबाबदार माणूस बाहेर हवा. तुम्ही थांबलात तर फार बरं होईल.”

“छे छे!” उदयराव म्हणाले. “मी येणार. ठरलंय माझं.”

“ओके, पपा,” परीक्षित म्हणाला. “सो वाय राहू दे.”

“थांब जरा,” मी त्याला म्हणालो. जावयाला आयुष्यात पहिल्यांदाच थांब म्हटलं असेन. “उदयराव, असं कसं? कुणाला काही लागलं, पाय मुरगळला, तर बाहेर डॉक्टर नको?”

“अहो, नाही हो. खरंच नको. मी येतोच.”

“बाबा, ही सेड नो,” परीक्षित कुजबुजला. “ट्वाइस. इट्स अ बिट पुशी.”

“उदयराव, माझ्यासाठी. मी पहिल्यांदाच जातोय. तुम्ही काठावर आहात म्हटल्यावर मला धीर येईल.”

उदयरावांनी शेंगदाणा खाल्ला. पाण्याकडे पाहिलं. मोठा सुस्कारा टाकला आणि काठी माझ्या हातात दिली.

“आता श्रीनिवासराव एवढा आग्रहच करताहेत,” ते परीक्षितला म्हणाले, “तर लिही एन.”