ब्रश पुसायचा प्लाय

माझं डोकं आधीच तापट, त्यात हा प्रकार. तुम्हीच सांगा, माझं कुठे चुकलं.

मी रंगारी. लोकांच्या भिंती रंगवतो. माझी बायको चित्रं काढते. कोणी शिकवलं नाही, कोणी सांगितलं नाही. दुपारची भांडी आवरली की खिडकीशी बसते आणि काढते. "अगं, पण कशासाठी?" असं विचारलं की म्हणते, "हात स्वस्थ बसत नाही." झालं! पण मध्ये एकदा जेवताना हळूच म्हणाली, "तुम्ही इतक्या घरांत जाता. एखाद्या भिंतीवर माझं चित्र लावतं का कोणी, विचारून बघा ना. परक्या माणसाला आवडतं का, एकदा कळू दे." तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं हो.

डॉक्टरीणबाईंच्या हॉलचं काम संपत आलं होतं. सोफ्यामागच्या भिंतीवर काहीतरी लावायचंय, असं त्या कधीच्या म्हणत होत्या. मी हिचं सगळ्यात मोठं चित्र नेलं. तळं, झाडं, मागे डोंगर, सगळं जिथल्या तिथे. भिंतीला टेकवून ठेवलं आणि बाजूला सरकून उभा राहिलो.

बाईंनी पाहिलं. "छान आहे हं," म्हणाल्या. हे 'छान आहे हं' मी चांगलं ओळखतो. न आवडलेल्या रंगाला लोक असंच म्हणतात. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली, आणि त्या चक्क तिथे उकिडव्या बसल्या.

"दादा, हे कोणी काढलं?"

तो माझा ब्रश पुसायचा प्लाय! रंग बदलताना ब्रश त्यावर पुसून घेतो, म्हणजे एका डब्यातला रंग दुसऱ्यात जात नाही. वर्षानुवर्षं तोच वापरतोय.

"बाई, ते पुसणं आहे. फडकं समजा."

"मला हेच हवंय. इथे लावा."

"अहो, पण यात आहे काय?"

"काय माहीत. नजर हलत नाही."

घ्या! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. हिने जीव ओतून काढलं ते बाजूला, आणि ज्यावर मी नुसता ब्रश पुसला ते सोफ्यामागे? डोकं भणभणलं.

"प्लाय मिळणार नाही," मी तडकून म्हणालो. "कामाचा आहे."

बाई हसल्या. "बरं, राहिलं. पण हे तळ्याचं चित्र तुम्ही घरच्या भिंतीवरून काढून आणलंत का? तिथली जागा ओकीबोकी दिसेल."

"छे, पलंगाखाली होतं."

बोलून गेलो आणि कान गरम झाले.

घरी ही दारातच उभी. चित्र माझ्या काखेत. विचारायचं काही उरलंच नव्हतं. "राहू दे हो," म्हणाली आणि ते परत पलंगाखाली सरकवायला वाकली.

"थांब," मी म्हणालो. "सगळी बाहेर काढ. एक लावू."

"कुठलं?"

"तू सांग."

"मी नाही. तुम्ही निवडा."

आली का पंचाईत! दुनियेला रंग सुचवणारा माणूस मी, आणि पलंगावर मांडलेल्या त्या ढिगापुढे ठोंब्यासारखा उभा. तळी काय, डोंगर काय, सगळी चांगलीच दिसत होती, आणि त्यानेच घोळ होत होता. शेवटी एका लहानशा कागदावर हात ठेवला. एक रिकामी खुर्ची. तिचा एक पाय काढायचाच राहिलेला.

"हे."

"हे?" ती बघतच राहिली. "अहो, हे अर्धवट आहे. टाकून देणार होते. यात काय आवडलं?"

"मला काय विचारतेस? आवडलं, बस्स!" मी खेकसलो.

तशी ती रडायलाच लागली. माझं धाबं दणाणलं. "अगं, रडतेस काय? चुकलं असेल तर दुसरं निवडतो."

"नको नको," ती डोळे पुसत म्हणाली. "तेच पुन्हा एकदा म्हणा."