शहेबाजचा ग्लास

"मॅडम, कार्डानं चार बोटांवर येऊनच बोलायचं, तर मग आपण तोंडानंच काहून बोलत न्हाई?"

मेहेकनं विचारलं आणि अख्खा वर्ग खिदळला. मैत्रिणीची, तेजश्रीची पैजच होती: पाहुण्या इंजिनिअरबाईंना हे विचारून दाखव, वडापाव माझ्याकडून. चौसाळ्याच्या शाळेत मनिषा मॅडम वाचणाऱ्या डबीला नुसतं टेकवायच्या कार्डांची करामत दाखवायला आल्या होत्या.

त्या चिडल्या नाहीत. "कार्डात सेल नसतो गं. डबीतल्या तारेच्या वेटोळ्यातून ते ताकद पितं. लांब गेलं की उपाशी आणि मुकं. लांबून बोलायला लागलं तर कुणीपण चोरून ऐकेल. जवळच बोलतं करायचं, पण पक्कं बोलतं करायचं, यातच आमचा घाम निघतो." जाताना त्यांनी मेहेकच्या हातावर एक डबी नि कार्डासारखंच काम करणाऱ्या दोन चकत्या ठेवल्या.

मेहेकच्या डोक्यात एकच आलं: शहेबाजभाईचा ग्लास. भाई दुबईला गेल्यापासून अम्मी रोज संध्याकाळी त्याचा नाव घातलेला स्टीलचा ग्लास भरून ठेवायची. सकाळी ते पाणी जास्वंदीला. मेहेकनं चुकून उचलला तरी, "ठेव तो!"

तिनं डबीला स्पीकर जोडला, मोबाईलमधला भाईचा जुना आवाज भरला. चकती पुठ्ठ्यावर ठेवून डबीला टेकवली तर डबी बोलली. मग ऐटीत ग्लासावर, नावाच्या खाली चिकटवली. टेकवली. गप्प. पुन्हा टेकवली. गप्पच.

मॅडमना फोन लावला. "स्टीलवर? स्टील मधल्यामधे ताकद गिळतं बाई. चकती नि स्टीलमधे अंतर ठेव."

"प्लास्टिकचा घेऊ की नवा," अब्बा म्हणाले. अब्बांचं, म्हणजे जाकीरभाईंचं पंक्चरचं दुकान, त्यांना सगळं बदलून मिळतं असंच वाटायचं.

"नवा त्याचा हाय का?" अम्मी फणकारली.

मेहेकनं दुकानातून ट्यूबचं रबर आणलं. एक थर लावला, तर दहादा टेकवावं तेव्हा एकदा बोलायचं. थर वाढवले, तर नाव झाकलं आणि अम्मीचा चेहरा पडला. मग तिनं ग्लास उलटा केला. तळाच्या खोलगटात रबर भरलं, कडेच्या बाहेर येईल इतकं, आणि त्यावर चकती. आता उचलून टेकवायची भानगडच नको. ग्लास डबीवर ठेवला की झालं.

संध्याकाळी अम्मीनं सवयीनं भरलेला ग्लास डबीवर ठेवला.

"अम्मे, पानी दे ना!"

"देते की रे," म्हणत अम्मी माठाकडं वळलीसुद्धा. मग थबकली. ग्लास तर भरलेलाच होता. तिनं तो उचलून पुन्हा ठेवला. "अम्मे, पानी दे ना!" पुन्हा. अब्बांनी तोंड दाराकडं फिरवलं.

"लई ग्वाड बोलतो," अम्मी हळूच म्हणाली. "पण मी 'देते' म्हणले ते त्याला कुठं ऐकू जातंय?"

डबी बोलायची, ऐकायची नाही. मेहेकनं अम्मीकडं बघितलं, अब्बांकडं बघितलं.

"ऐकणारं पण मीच बनवणार. दहावी झाली की मी पुण्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकायला जाणार. विचारत न्हाई, सांगतेय. माझ्या ग्लासावर पण नाव घालून ठेवा."