खालची सही

हर्षलानं वही खिडकीपाशी नेली, एकशे बारावं पान उघडलं आणि तळाच्या सहीवर अंगठा फिरवला. सही तिचीच. तिच्या डोक्यावरची कारखान्याच्या मालकांची, अनुपम सरांची. पानावरची आकृती, मापं, बाणांच्या टोकाशी बारीक अक्षरात केलेल्या नोंदी, सगळं तिच्या हातचं. आणि तळाशी इंग्रजीत छापलेल्या दोन ओळी. वरच्या ओळीवर शोध लावणाऱ्यानं सही करायची, खालच्या ओळीवर 'वाचले व समजले' म्हणून साक्षीदारानं. तिनं मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं उलटलं. तीन वर्षांची वही, पण एकाही पानावर ती वर नव्हती.

खाली पॅकिंगमध्ये पेढे वाटणं चाललं होतं. खालापूरच्या त्या छोट्या कारखान्यात सकाळपासून नुसता आनंदीआनंद, कारण कंपनीचा पेटंटचा अर्ज प्रसिद्ध झाला होता आणि त्याचं पहिलं पान नोटीस बोर्डावर लावलं होतं. हर्षलानं पेढा तोंडात टाकला, बोर्डापाशी गेली आणि शोधकर्त्यांची नावं वाचली. अनुपम टिपणीस. तनया टिपणीस. तिला वाटलं, आपलं पुढच्या ओळीत असेल. पुढच्या ओळीत कंपनीचा पत्ता होता. पेढा तिनं कसाबसा गिळला आणि वर रेकॉर्ड रूममध्ये येऊन ही वही काढली.

तनया म्हणजे सरांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत सहा आठवडे कारखान्यात यायची. बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कसा धरायचा ते हर्षलानंच तिला दाखवलं होतं. पोरगी गोड होती, यंत्राचे फोटोही छान काढायची. पण शोध? कसला शोध अन् कसलं काय!

यंत्र तसं साधंच होतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या नाकातोंडातलं पाणी आणि चिकटा ओढून घेणारा, पायानं चालवायचा पंप. असे पंप बाजारात होते, पण ते उभं राहून दाबायचे. डोंगरातल्या वाड्यांवर बाळंतपण जमिनीवर होतं, नर्सबाई बाळाशेजारी खाली बसलेली असते, आणि वीज असली तर असते. बसलेल्या बाईनं उभ्याचा पंप दाबायचा कसा? हे कोडं हर्षलाला सुटलं ते घरी, आई विळीवर कांदा चिरत असताना. एक पाय पाटावर, अंगाचा भार आपसूक पाटावर आणि दोन्ही हात मोकळे. तिनं पंपाला विळीसारखा पाट दिला. मग अकरा नमुने केले आणि अकरा मोडले. ओढलेला चिकटा उलटा फिरू नये म्हणून आत झडप बसवली आणि ती भाताच्या दाट पेजेवर तपासली. पेज आई रोज किटलीत भरून द्यायची. सरांना तीन महिने वाटत होतं, हा हर्षलाचा डबा आहे.

मग सही खाली का? उत्तर इतकं सोपं होतं की तिला स्वतःचीच लाज वाटली. कुणी तिला खाली ढकललं नव्हतं. त्या इंग्रजी ओळी तिनं वाचल्या होत्या, समजल्याही होत्या. पण सरांच्या डोक्यावर आपली सही करायची? लग्नपत्रिकेत वारलेल्या आजोबांचं नावसुद्धा सगळ्यांच्या वर घालणाऱ्या घरातली ती. वरची जागा मोठ्यांसाठी मोकळी सोडायची, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ती खाली सही करायची, आणि दर शनिवारी सर आठवडाभराची पानं एकदम समोर घेऊन वर सह्या ठोकायचे. पहिल्या शनिवारी सरांचं पेन त्या वरच्या ओळीवर जरासं थांबलं होतं. शाई सुकली असेल असं वाटून तिनं आपलं पेन पुढं केलं होतं.

वही काखेत मारून ती केबिनमध्ये गेली.

"ये ये, हर्षला. पेढा घेतलास ना?"

"सर, बोर्डावर माझं नाव नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अगं, वकिलांनी वही बघून नावं घातली. वहीत तू साक्षीदार आहेस. साक्षीदाराला शोधकर्ता म्हणता येत नाही, तसा नियमच आहे."

"वहीतलं अक्षर कुणाचं आहे, सर?"

"तुझं अक्षर चांगलं आहे म्हणून तर वही तुझ्याकडे दिली."

दारातून आत येईपर्यंत तिची खात्री होती की सर कपाळावर हात मारून म्हणतील, अरेच्चा, चूक झाली, आज दुरुस्त करून टाकू.

"आणि तनया?"

"तिला बाहेरच्या ॲडमिशनला उपयोग होतो गं. तुझं काय, तू तर इथेच आहेस."

हे ते मायेनं म्हणाले. हाच तर सगळा घोळ होता. सर वाईट असते तर तिला किती सोपं गेलं असतं! डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी ती प्रोजेक्ट घेऊन दारोदार फिरत होती, तेव्हा याच माणसानं तिला बसायला टेबल दिलं होतं. पुढं डिग्रीच्या परीक्षांना भरपगारी रजा दिली. वडिलांना रात्री पनवेलला हलवायचं होतं, तेव्हा स्वतःची गाडी पाठवली. अशा माणसानं आपला खिसा कापावा आणि वर पाठीवरून हात फिरवावा, तर ओरडायचं तरी कुणाच्या नावानं? तिनं वही टेबलावर ठेवली आणि ती कामाला लागली. त्या दिवशी एकही माप तिच्या डोक्यात शिरलं नाही.

घरी आईला सांगितलं, तर तिथं निराळीच तऱ्हा. सुंदराबाईंच्या लेखी सर म्हणजे देवमाणूस. हर्षलाच्या लग्नाचं कुणी विचारलं की 'सरांचं काम अर्ध्यावर हाय' म्हणून त्या पाहुण्यांनासुद्धा वाटेला लावायच्या.

"सर आसं करनार नायत," त्या म्हणाल्या. "तूच कायतरी वाकडं बोलली असशील."

"आई, ते यंत्र मी केलंय गं. मी!"

"बरं बाय, तू केलंस. पन शिकवलं कुनी?"

दोन महिने तिनं हा विषय काढला नाही. कर्जतहून कंपनीची बस सुटली की फोनवर पेटंटचे नियम वाचत बसायची. शेजारची बाई म्हणायची, परीक्षा आहे का गं कसली? हो, म्हणायची ती.

आणि एका रविवारी सकाळी सरांची गाडी कळंबला, तिच्या अंगणात येऊन उभी राहिली. आठ वर्षांत ते पहिल्यांदाच घरी आले होते. आईची नुसती धांदल उडाली.

"या सर, या! अगं हर्षे, खुर्ची पूस ती. कळवलं नाय तुमी, कायतरी गोडाचं केलं असतं."

"काही नको आई. चहा चालेल, बिनसाखरेचा."

"बिनसाखरंचा कसा दिऊ घरी आलेल्या मान्साला? बरं, कमी घालते."

आई आत गेली तसे सर पुढं सरकून बसले. त्यांनी फाईलमधून एक कागद काढला. एक मोठी कंपनी कारखाना विकत घेते आहे, त्यांना हवं आहे ते हेच यंत्र, असं त्यांनी सांगितलं. पण त्यांचे वकील फार चिकित्सक. वहीतलं एकशे बारावं पान त्यांनी बाजूला काढलं आहे, कारण पाट आणि झडप दोन्ही त्याच पानावर आहेत, आणि त्या पानाच्या साक्षीदाराचा लेखी जबाब त्यांना पाहिजे.

हर्षलानं कागद वाचला. चौदा ऑगस्ट रोजी श्री. अनुपम टिपणीस यांनी सदर रचना माझ्यासमोर मांडून रेखाटली, हे मी प्रत्यक्ष पाहिले. खाली तिचं नाव टाईप केलेलं, सहीपुरती जागा सोडलेली.

"चौदा ऑगस्टला तुम्ही बंगळूरला होता सर, प्रदर्शनाला."

"तारखेचं काय घेऊन बसतेस? त्या आठवड्यातलं काम, एवढं धर."

"त्या आठवड्यात तुम्ही पान पाहिलंत. शनिवारी."

सरांनी रुमालानं मान पुसली. "साठ माणसांच्या नोकऱ्या आहेत, हर्षला. त्यात तुझीही आहे."

आतून आलं कुटल्याचा आवाज येत होता. हर्षलानं तिकडं बघितलं.

"एक करा, सर. यंत्र कुणी केलं, ते आईला सांगा. तेवढं एकदा तिच्यासमोर बोला."

"मग सही देशील?"

"आधी सांगा."

सुंदराबाई चहा घेऊन आल्या. सरांनी कप घेतला आणि न पिताच खाली ठेवला. मग बोलले ते नीट, काही हातचं न राखता.

"आई, ते बाळाचं यंत्र आहे ना, ते हर्षलानं केलंय. मी नाही. पाटाची कल्पना तिची, झडप तिची, सगळं तिचंच. मी त्यातलं काही केलेलं नाही."

तीन वर्षांत हे वाक्य तिनं मनातल्या मनात किती वेळा सरांच्या तोंडी घातलं होतं! आणि आता ते खरंच बोलले होते, तिच्या घरात, तिच्या आईसमोर.

सुंदराबाईंनी आधी सरांकडं पाहिलं, मग लेकीकडं. मग पदर तोंडाला लावून त्या हसायलाच लागल्या.

"आयकलंस गं? याला म्हंतात मोठं मन! सोता केलं आन् पोरीच्या नावावर घालतायत. आमाला काय कळत नाय का, सर? विळीवर कांदं चिरनारीची पोर ही, हिला कुठलं यवडं सुचायला!"

"नाही आई, मी खरंच सांगतोय..."

"ऱ्हाऊ द्या, सर. तुमचं उपकार आमी इसरनार नाय." डोळे पुसत त्या चकल्यांचा डबा काढायला आत वळल्या.

सर त्या गेल्या त्या दाराकडं बघत राहिले. आता त्यांनी छातीवर हात ठेवून शपथ घेतली असती, तरी सुंदराबाईंनी त्यांना आणखीच थोर ठरवलं असतं. हर्षलाला रडू फुटेल असं वाटलं, पण फुटलं नाही. एकदा मोठ्यानं बोलून टाकलं की आपलं आपल्याला परत मिळेल, एवढीच तिची समजूत होती. ती समजूत आईच्या एका हसण्यानं संपली.

तिनं सरांच्या खिशाला लावलेलं पेन मागून घेतलं. टाईप केलेल्या मजकुरावर पट्टी ठेवल्यासारखी सरळ रेघ मारली आणि खालच्या मोकळ्या जागेत आपल्या त्या चांगल्या अक्षरात लिहिलं. चौदा ऑगस्टला श्री. टिपणीस कारखान्यात नव्हते. पान एकशे बारा मी काढलं. त्यावर त्यांनी शनिवारी सही केली, तेव्हा मी समोर उभी होते. हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. तिनं सही केली, तारीख घातली आणि कागद सरांसमोर धरला.

सरांनी तो दोनदा वाचला.

"हे असं दिलं तर मी खोटा ठरेन, हर्षला."

"पेटंट अजून मंजूर व्हायचंय. नाव दुरुस्त करायचा अर्ज करता येतो, मी वाचलंय. कारखान्याचा सौदा मोडायचं काही कारण नाही."

"मी सौद्याचं म्हणत नाहीये."

"माहितीय, सर."

"आणि मी हा कागद त्यांना दिलाच नाही तर?"

"त्या कंपनीच्या वकीलबाईंचा नंबर खाली छापलाय. जबाबाबद्दल त्या मलाही फोन करणार, असंही लिहिलंय. विचारतील तेव्हा मी हेच सांगेन. साक्षीदार मीच आहे ना?"

सरांनी कागदाची घडी घातली. घडी वाकडी पडली, ती उलगडून त्यांनी पुन्हा घातली. चहावर साय धरली होती. ते उठले तेव्हा सुंदराबाई डबा घेऊन बाहेर येत होत्या.

"निघालंत पन? चकली तरी घ्या की. बरं, बांधून देते. तनयाताईंना द्या." चकल्या कागदात गुंडाळता गुंडाळता त्यांचं लक्ष लेकीकडं गेलं. "अगं, बघत काय उभी ऱ्हायलीस? सर पयल्यांदा घरी आलं. पाया पड."

हर्षला पुढं झाली. राग होता, तो तसूभरही कमी झालेला नव्हता. पण ते टेबल होतं, त्या रजा होत्या, वडिलांना न्यायला आलेली ती गाडीही होती, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं. ती वाकली, आईला दाखवायला नव्हे, खरोखरीच वाकली.

तिचा हात पोचायच्या आत सरांनी पाय मागं घेतले.