वाटेत ठेवलेलं टेबल

मी एक टेबल बोलतेय. मूळची फळी, म्हणून बाईमाणसासारखी बोलते. पाय मला नंतर लागले. आणि आधीच सांगून ठेवते, सांगताना माझा थोडा गोंधळ उडणार आहे, कारण त्या रविवारची आठवण निघाली की मला अजून धीर धरवत नाही. भर उपासनेत, चर्चच्या मधल्या वाटेवर, सगळ्यांच्या पायात येईल अशी मला सोडून माझा मालक रस्त्यावर पळाला. ज्या वेदीसाठी मला घडवलं तिच्यापर्यंत मी पोचलेच नव्हते. आणि तरी सांगते, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस होता.

पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

आम्ही जुळ्या. एकाच खोडातून एकामागोमाग एक कापलेल्या दोन रुंद फळ्या. शेजारी ठेवल्या की एकीच्या रेषा दुसरीत जाऊन मिळायच्या, जशी मिटलेली दोन पानं उघडावीत. आम्हाला वखारीतून आणलं दोघा सुतार भावांनी. थोरल्याला सगळे मिस्त्री म्हणायचे, धाकट्याला धाकटाच म्हणायचे. आमच्यावरून हात फिरवून धाकटा म्हणाला, "दादा, ह्या दोघी विकायच्या नाहीत. चर्चमधलं पुढचं टेबल डुगडुगतं. वाळू देत नीट, मग करू."

मग आम्ही दोघी कारखान्याच्या भिंतीला टेकून वाळत बसलो. काम नाही, नुसती करमणूक. ते दोघं भाऊ ओरडूनच बोलायचे. करवतीच्या मशीननं दोघांचेही कान अधू केले होते, त्यामुळे 'खिळे संपले' ही साधी बातमीसुद्धा अख्ख्या गल्लीला कळायची. आणि दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा ऐकू यायचं ते एकच वाक्य, "धर तिकडून." लांब लाकूड एकट्याला उचलत नाही. एकानं म्हणायचं धर तिकडून, दुसऱ्यानं हातातलं काम टाकून धरायचं. भावाभावात यापेक्षा जास्त काही बोलायला लागतं असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

बिघडलं ते एका पायरीवरून.

शिंप्याचं दुकान माडीवर होतं, त्याला नवा जिना करून द्यायचा होता. मिस्त्रीला घाई. शेवटच्या पायरीला वाळलेलं लाकूड उरलं नव्हतं, तर त्यानं ओलंच घेतलं. धाकटा म्हणाला, "दादा, हे आटेल. खिळे सैल होतील." मिस्त्री म्हणाला, "तू मला शिकवू नकोस." पायरी मिस्त्रीनंच बसवली. मी भिंतीला टेकून सगळं ऐकत होते.

लाकूड आटलं. पायरी सुटली. शिंपी कापडाच्या गठ्ठ्यासकट खाली आला आणि त्याचा पाय मोडला. पाय सांधला, पण लंगडेपणा राहिला. तो कुबडी घेऊन कारखान्याच्या दारात उभा राहिला, मागे बघ्यांची ही गर्दी, आणि विचारलं, "ती पायरी कुणी बसवली?"

मिस्त्रीनं उचलली जीभ लावली टाळ्याला. "ती धाकट्यानं बसवली."

धाकट्याच्या हातात रंधा होता. त्यानं तो खाली ठेवला, भावाकडे बघितलं, आणि चार माणसांत थोरल्याला खोटं पाडलं नाही. मला वाटलं, आता मिस्त्री काहीतरी म्हणेल. लोक गेल्यावर तरी म्हणेल. रात्री जेवताना तरी म्हणेल. नाही म्हणाला. जितका उशीर झाला तितकं ते सांगणं अवघड होत गेलं, आणि शेवटी हत्यारांची वाटणी झाली. पटाश्या वाटल्या, करवती वाटल्या, आम्ही दोघीही वाटल्या गेलो. माझी जुळी धाकट्याच्या हातगाडीवरून गेली. कुणी आम्हाला विचारलं नाही. लाकडाला कोण विचारतं.

धाकट्याला दुकान मिळालं ते नेमकं चर्चच्या समोर, रस्त्यापलीकडे. तो चर्चमध्ये यायचा मात्र थांबला. रविवारी सकाळीही त्याचं मशीन चालू. कारखान्याला लागूनच घर, तिथं येऊन मिस्त्री चडफडायचा, "बघितलंस ना? देवाच्या दारात करवत चालवतो. लाज नाही."

मिस्त्रीची बायको म्हणायची, "प्रार्थना सुरू झालेली दिसली की बंद करतात भाऊजी. तुमचं लक्ष नसतं. प्रत्येक प्रार्थनेला बंद करतात, संपली की चालू."

"तुला बरं ऐकू येतं."

"मी मशीनवर नाही ना बसले जन्मभर."

एक गोष्ट सांगते, हसू नका. मिस्त्रीचं येशूवर फार प्रेम. मनापासून. त्याला वाटायचं, तोही सुतार, आपल्यातलाच माणूस. पाळकबाई कुसळ-मुसळाचा दाखला वाचायच्या, भावाच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, तेव्हा हा घरी येऊन खूश. "हे सुताराशिवाय दुसऱ्याला सुचणार नाही. डोळ्यात भुसा गेल्याशिवाय असलं बोलता येत नाही." आणि लगेच पुढे, "त्या धाकट्यानं ऐकायला हवं होतं."

मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथे बोलले असते.

या चर्चमध्ये एक चांगली रीत आहे. वर्षातून एकदा प्रत्येकानं आपल्या हातानं केलेलं काहीतरी आणायचं. बेकरीवाला पाव आणतो, शिंपी कापड, माळी फुलं. सगळं वेदीपाशी ठेवायचं. त्या वर्षी मिस्त्रीनं ठरवलं, टेबल द्यायचं. भिंतीपासून मला उचललं. एकटीच असल्यामुळे मी फार अरुंद झाले. टेबल कसलं, जरा ऐटीतलं बाक. पण त्यानं माझ्यावर जीव ओतला. रंधा मारला, घासलं, पॉलिश केलं, पुन्हा घासलं. आणि घासता घासता तो बोलायचा. कारखान्यात कुणी नाही असं समजून.

"चुकलं माझं," तो म्हणायचा. मी कान टवकारायचे. "चुकलं माझं, पण तूही पुढे होऊन बोलायला हवं होतंस."

दुसऱ्या दिवशी, "चुकलं माझं, पण दुकानाचं नाव गेलं असतं."

मग कधी, "माफ कर, पण मी मोठा आहे."

माणसांची माफी मी इतक्या जवळून कधी बघितली नव्हती. तिला शेवटी एक 'पण' लागतोच, जसं उघड्या दाराला मागे दगड लागतो. एकदा बायकोनं ऐकलं. ती दारातूनच म्हणाली, "जायचं तर जा. पण त्या 'पण'ला घरी ठेवून जा."

तो गेला नाही. मला चकाकी मात्र भरपूर आणली.

आणि आला तो रविवार. सगळं चर्च भरलेलं, दारं सताड उघडी, समोर धाकट्याचं दुकान दिसतंय, मशीन बंद. नवरा-बायकोनं मला दोन बाजूंनी धरून आत आणलं. पाळकबाई तेव्हा वाचत होत्या. येशूचंच बोलणं. अर्पण घेऊन वेदीपाशी आलात, आणि तिथं आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी जा, भावाशी समेट करा, मग या.

पुस्तक मिटून बाई म्हणाल्या, "इतक्यांदा मी हे वाचलं. आजवर कुणी उठून गेल्याचं मी पाहिलं नाही. मीही कधी गेले नाही. आपल्याला हे सगळं इतकं आवडतं, की करायचं राहूनच जातं."

आम्ही बरोब्बर मधल्या वाटेवर होतो. आणि बायकोनं तिच्या बाजूनं मला खाली ठेवलं.

मिस्त्री कुजबुजला, म्हणजे त्याच्या हिशोबानं कुजबुजला, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं, "काय झालं? जड झालं?"

"टेबल नाही जड झालं."

तो तसाच वाकलेला, माझी एक बाजू हातात. त्याच्या तळहाताला घाम सुटला होता, माझं पॉलिश ओलं झालं. मी मनात म्हटलं, ठेव. ठेव रे बाबा. माझा अपमान होणार नाही, मी कुठं पळून जात नाही. ठेव आणि जा.

त्यानं ठेवलं. आणि तो गेला. आधी चालत, मग चपला फटफटवत, मग चक्क पळत. सगळं चर्च मागे वळलं. आणि दोघांचेही कान अधू असल्यामुळे पुढचं सगळं आम्हाला बसल्या जागी ऐकू आलं.

"चुकलं माझं."

"काय?"

"चुकलं म्हणतोय!"

"कुणाचं?"

"माझं! पायरीचं लाकूड ओलं होतं. तू सांगितलं होतंस. मीच बसवली. आणि नाव तुझं घेतलं, सगळ्यांच्या समोर."

चर्चमध्ये शिंपी तिसऱ्या बाकावर होता. त्यानं काठी घट्ट धरली.

मी 'पण'ची वाट बघत होते. मिस्त्रीनं तोंड उघडलंही. मग मिटलं. धाकटाही वाटच बघत असावा, शेवटी त्यानं विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

"दादा, मला या गल्लीत कुणी साधी खिडकी बसवायला बोलावलं नाही. माझी पोरं लहान होती. तुला माहीत होतं."

"माहीत होतं."

"आणि तू गप्प बसलास."

"हो."

धाकटा वळून आत निघून गेला. आतून ठोकाठोकीचा आवाज यायला लागला. कुणीतरी म्हणालं, संपलं, कामाला लागला तो. मिस्त्री रस्त्याच्या कडेला एकटा उभा, हात लोंबकळत. त्याची बायको माझ्यावर हात ठेवून उभी होती. मला वाटलं, आता हे मला परत उचलणार, पुढे नेऊन ठेवणार, आणि मी जन्मभर एक चकचकीत खोटं म्हणून तिथं उभी राहणार.

शिंपी उठला. ठक ठक करत माझ्या बाजूनं निघाला, रस्ता ओलांडला, धाकट्याच्या दारात जाऊन मोठ्यानं म्हणाला, "मी इतकी वर्षं तुला बघून तोंड फिरवलं. माझं चुकलं." मग मिस्त्रीकडे वळला. "मिस्त्री, तुमच्याशीही बोलायचंय. पण आज नाही. आज मला फार राग आलाय."

मिस्त्री म्हणाला, "येऊ दे. बरोबर आहे."

आतलं ठोकणं थांबलं. धाकटा दारात आला. त्यानं रस्त्यापलीकडून चर्चच्या दारातून आत, थेट माझ्याकडे बघितलं.

"ते काय ठेवलंय मध्येच?"

"टेबल. आपल्या त्या फळीचं."

"अरुंद झालंय."

"अर्धंच होतं ना माझ्याकडे."

धाकटा पुन्हा आत गेला आणि काहीतरी लांब, जड, ओढत बाहेर आणलं. माझी जुळी! इतकी वर्षं त्यानं तिलाच कामाचं बाक केलं होतं. मघाशी ठोकत होता ते तिच्यावरचा लाकूड पकडायचा लोखंडी शिकंजा सोडवायला. करवतीच्या खुणा, पटाशीचे घाव, सांडलेला रंग, सरसाचे डाग. मी तिला ओळखलं नसतं, पण रेषा कुठे जाणार.

एक टोक हातात धरून धाकटा दम खात उभा राहिला. एकट्याला उचलत नव्हतं. आणि तो भावावर ओरडला, "बघतोस काय दादा? धर तिकडून."

मिस्त्री रडत होता, त्यामुळे त्याला टोक लवकर सापडेना.

आता मी वेदीपाशी आहे. रुंद झालेय. अर्धी गुळगुळीत, अर्धी घावांनी भरलेली, आणि जुळी माझ्याहून जराशी जाड, त्यामुळे मध्ये एक बारीक उंबरा आहे. पाळकबाई पेला ठेवताना दर वेळी चाचपून ठेवतात. मिस्त्रीचे हात शिवशिवतात, एकदा रंधा मारून सपाट करावं म्हणून, पण बायको नुसती बघते आणि तो रंधा खाली ठेवतो. मिस्त्रीनं शिंप्याचा अख्खा जिना नव्यानं बांधून दिला. एकही पायरी मागितली नव्हती कुणी, यानं सगळ्या बदलल्या, वाळलेल्या लाकडाच्या. शिंपी खाली खुर्ची टाकून बसायचा आणि म्हणायचा, "ठोकून दाखवा." अजून त्यांचं फार बोलणं होत नाही. पण गेल्या वर्षीच्या अर्पणाला शिंप्यानं माझ्यासाठी कापड शिवून आणलं. माप घ्यायला येऊन तो त्या उंबऱ्यावर बोट फिरवत बराच वेळ उभा होता.

माझ्यावर पाव ठेवतात, लोक गोळा होतात, येशूची वचनं वाचतात. शत्रूवर प्रेम करा, मागणाऱ्याला द्या, कुणी एक कोस यायला सांगितलं तर दोन कोस जा. ऐकायला किती गोड. मी ऐकते आणि माणसांचे पाय बघते. कारण त्या दिवसापासून मला कळलंय, ते बोलणं कानात राहिलं तर नुसता उपदेश असतो, पायात उतरलं तरच येशूचं होतं.

म्हणून जाता जाता तुम्हाला एवढंच सांगते. तुम्हीही काहीतरी सुंदर घेऊन कुठेतरी निघाला असाल, हातात जपून धरून, आणि अर्ध्या वाटेत कुणाचा तरी चेहरा आठवला, तर ते खाली ठेवा. वाटेत ठेवा, लोकांच्या पायात आलं तरी चालेल. वस्तूंना वाईट वाटत नाही, हे मी वस्तू असून सांगतेय. आम्ही थांबतो. तुम्ही जा, आणि पलीकडच्याला म्हणा, धर तिकडून.