हूक राहिला बाजूला

चैताली गेवराईची, बीडला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. उसाच्या ट्रॉलीचा ट्रॅक्टरला जोडायचा हूक नेमका कुठं तुटतो, हा तिचा प्रोजेक्ट. त्यासाठी कॉम्प्युटरवर हूकचे हजारो बारीक तुकडे पाडायचे, ओढ लावायची आणि कोणत्या तुकड्यावर किती ताण येतो ते बघायचं. हे करणारं सॉफ्टवेअर तेवढं निवडायचं होतं.

गाइड मोहनराव सर म्हणाले, "लॅबमधलं वापर." लॅबमधल्याचं लायसन्स संपलेलं. "मग मोठ्या कंपनीचं घे. नोकरीत तेच विचारतात," म्हणून सर पेपर तपासायला निघून गेले.

त्या कंपनीची विद्यार्थ्यांसाठी फुकट आवृत्ती होती. ती उतरवताना घरातल्या सगळ्यांचा डेटा संपला. चैतालीनं हूक काढला, तुकडे पाडले, बटण दाबलं. उत्तर आलं: तुकड्यांची मर्यादा ओलांडली.

तिनं सौरभला फोन लावला. हा मामेभाऊ, पुण्यात डिझाइनच्या ऑफिसात.

"असलं कावून घेतलंस? ओपन सोर्स घे, सगळ्यांना फुकट अन् खुलं. मर्यादाच न्हाई."

"तुमच्याकडं तेच हाय का?"

"न्हाई, आमच्याकडं कंपनीचं हाय. विकतचं."

"मग मला कावून सांगतोस बाबा!"

तरी तिनं घेतलं. त्यात हूक काढायला एक प्रोग्राम, तुकडे पाडायला दुसरा, गणित सोडवायला तिसरा. व्हिडिओतला माणूस डावीकडचं बटण दाबायचा. हिच्याकडं ते बटणच नव्हतं. एका ग्रुपवर विचारलं, तर कुणीतरी लिहिलं, "आधी मॅन्युअल वाचा." मॅन्युअल खाली सरकवता सरकवता बोट दुखलं, पण बटण काही सापडलं नाही.

"तुटला का गं हूक?" आईनं, मायाताईंनी, चहा ठेवत विचारलं.

"आई, मी अजून हूकपर्यंत पोचलेच न्हाई!"

ती ओरडली आणि तिलाच वाईट वाटलं. मग हूक बाजूला ठेवून, आधी सॉफ्टवेअरच तपासायला, मेनूत चाचपडत तिनं स्क्रीनवर एक साधी लोखंडी पट्टी काढली. एक टोक भिंतीत, दुसऱ्यावर वजन. पट्टी किती वाकेल हे सूत्रानं कागदावर काढता येत होतं: जेमतेम दोन मिलिमीटर. सॉफ्टवेअरनं सांगितलं, दोन किलोमीटर.

चैतालीनं लॅपटॉपच मिटला. चहा संपल्यावर पुन्हा उघडला. लांबी मीटरात दिली होती, लोखंडाची ताठरता मिलिमीटरच्या हिशेबानं. आणि सॉफ्टवेअरनं मुकाट्यानं दोन्ही गिळलं होतं. आकडे दुरुस्त केल्यावर पट्टी कागदावरच्याइतकीच वाकली. तेव्हा कुठं तिला भरवसा आला. तेच सॉफ्टवेअर धरून तिनं हूकचं गणित सोडवलं. वळणाच्या आतल्या बाजूला लाल पट्टा उमटला, म्हणजे सगळ्यात जास्त ताण तिथं. हूक तिथंच तुटणार.

मोहनराव सरांनी चित्र बघितलं. "छान. पण मोठ्या कंपनीच्यात कावून न्हाई केलं?"

"सर, पट्टीचं उत्तर हातानं काढलेल्याशी जुळतंय. हे बघा."

"तरी परीक्षक विचारतील."

"विचारू द्या, सर."

सरांनी खांदे उडवून सही केली. बाहेर येते तर सौरभचा मेसेज: 'अगं, नवीन एक आलंय. लई सोपं हाय म्हणतात.'

चैतालीनं फोन पर्समध्ये टाकला आणि गेवराईची एसटी पकडली.