मागची डावी सीट

धाकटीच्या दारात थोरली गाडीतून उतरली, दार लावायला वळली, आणि धाकटीने स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून झटकन तिच्या कमरेला गुंडाळली.

"गार वारा आहे, ताई."

वारा कुठेच नव्हता. थोरलीने मागे हात नेऊन पाहिलं. कपडे ओले होते, आणि थोडेथोडके नाही.

कुणी हसलं असतं तर परवडलं असतं. उलट त्या दिवशी सगळे तिच्याशी इतक्या मायेने वागले, की शेवटी तिने शाल स्वतःच घट्ट आवळली.

पुढच्या वेळी टेकडीवरच्या दवाखान्यात गेले, तेव्हाही तेच. पाऊस पडला होता आदल्या रात्री. त्या दिवशी आकाश कोरडं ठणठणीत, आणि ओली फक्त थोरली. त्यानंतर मागच्या डाव्या सीटवर, म्हणजे तिच्या नेहमीच्या जागेवर, सुनेने प्लास्टिक अंथरून वर टॉवेल घातला.

"हे काय गं?"

"काही नाही, आई. सीटचं कापड जुनं झालंय ना."

"मग तुझ्या सीटवर का नाही? ती काय काल जन्मली?"

सून खिडकीबाहेर बघू लागली. मग हळूच म्हणाली, "आई, हल्ली त्याच्यावर चांगली औषधं निघाली आहेत."

"गाडीवर?"

सुनेने पुन्हा खिडकी गाठली.

थोरलीच्या मुलाला सगळे नातेवाईक बूच म्हणत. भोक दिसलं की त्याचा हात शिवशिवे. भिंतीतली खिळ्यांची भोकं, खिडक्या-दारांच्या फटी, सगळं त्याने सीलंटच्या नळकांड्याने लिंपून टाकलं होतं. बेसिनच्या काठाखाली जास्तीचं पाणी जायला छिद्र असतं, तेसुद्धा. त्यानंतर एकदा नळ चालू राहिला आणि न्हाणीघराचं तळं झालं, तेव्हा त्याने दोष नळाला दिला.

गाडी गळते, असं आई म्हणाल्यावर तो दुखावला. ज्या गाडीत त्याने एक फट शिल्लक ठेवली नव्हती, ती गळेलच कशी? त्याने गाडी अंगणात उभी केली, आईला आत बसवलं, आणि नळी लावून चहूबाजूंनी पाणी मारलं. थोरली आत वर्तमानपत्राचे कागद घेऊन बसली होती. दाराच्या खाचेत, पायाखाली, पाठीमागे, सगळीकडे तिने कागद खोचले. एकही भिजला नाही.

"बघ," बूच काच खाली करायला लावून म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, आणि तेच तिला जास्त लागलं. "आई, यात लाजण्यासारखं काही नाही. वय होतं."

"वय गाडीचंही झालंय."

"शनिवारी समुद्रावर जायचंय. दिवसभराचा रस्ता आहे. तू घरीच आराम कर. शेजारच्या काकू येतील सोबतीला."

समुद्राचा बेत मुळात तिचाच. नवरा असताना दोघं याच गाडीने जायची. बायकोला चांदणं दिसावं म्हणून त्याने हौसेने छताला सरकती काच असलेली गाडी घेतली होती. आणि आता त्याच गाडीतून तिला वगळून बाकीची वरात निघणार, आणि ती शेजारच्या काकूंच्या गुडघेदुखीचा इतिहास ऐकत बसणार.

थोरली त्या दिवशी नीट जेवली नाही. रागापेक्षा तिचं डोकं चालू होतं. अंगणात गाडी सपाट उभी असते, तेव्हा ती कोरडी. धाकटीची गल्ली चढाची. दवाखाना टेकडीवर. बरं, बसताना सीट कोरडी, उतरताना ओली. म्हणजे पाणी आधीपासून गाडीत कुठेतरी दडून बसतं, आणि गाडीचं नाक वर झालं की मागे येतं. पुढे बसणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. पण तर्काला कोण विचारतो? शाल गुंडाळणाऱ्या माणसांना डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं.

शनिवारच्या आधी पुन्हा एकदा धाकटीकडे जायचं होतं. त्या सकाळी तिने पांढऱ्या कपड्यांची नीळ मगात चांगली गडद कालवली. अंगणात जाऊन छताची काच सरकवली. काचेच्या भोवती पन्हळीसारखी खाच होती. तीत तिने सगळा मग रिकामा केला, काच लावली, आणि दुधाच्या रंगाचे कपडे घालून तयार झाली.

"आई, आज पांढरं?" सुनेने काळजीने विचारलं.

"आवडतं मला."

तिने प्लास्टिक आणि टॉवेल काढून सुनेच्या मांडीवर ठेवले आणि बसली. पहिल्याच वळणावर डोक्यावर खळ्ळ आवाज झाला. बूचने रेडिओ मोठा केला. गल्लीचा चढ लागला, आणि पाठीमागे सीटच्या सांध्यातून गारवा सरकत खाली आला. आयुष्यात ओलं होण्याचा एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता.

धाकटी दारात शाल घेऊनच उभी होती. थोरली उतरली, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांकडे पाठ केली.

"बघा."

कमरेपासून गुडघ्यापर्यंत ती निळीशार झाली होती. धाकटीने शाल उलगडली आणि पुन्हा घडी केली.

"ताई," ती म्हणाली, "हल्ली तू पितेस तरी काय?"

"नीळ. छतातून." तिने मुलाला काच सरकवायला लावली. खाचेत अजून निळं पाणी साचलं होतं, आणि कोपऱ्यात एक छोटं छिद्र होतं. "हे पाणी कुठून जायला हवं?"

"नळीतून. खाली."

"मग जात का नाही?"

बूच मागच्या चाकाकडे बघू लागला. त्याची नजर चुकवण्याची ही तऱ्हा आईला तो पाच वर्षांचा असल्यापासून ठाऊक होती.

"नळीचं टोक कुठाय?"

"मागच्या चाकापाशी," तो म्हणाला. "पाऊस पडला की तिथून ठिबकायचं. फरशी खराब व्हायची. मला वाटलं, गळतंय. म्हणून मी..."

"बुजवलंस."

"दोन्ही बाजूंनी," तो म्हणाला.

पक्कड घेऊन तो चाकामागे आडवा झाला. सीलंट त्याने चांगलं ठासून भरलं होतं. स्वतःच्याच कामाशी त्याला बराच वेळ झुंजावं लागलं. मग ते सुटलं, आणि साठलेली नीळ गळ्यापासून कपाळापर्यंत त्याच्यावर आली. तो उठून बसला तेव्हा सून पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघत होती, बहुतेक खिडकी शोधत असावी.

परतताना गाडी सुनेने चालवली. पुढे तिच्या शेजारी थोरली बसली, आणि शनिवारीही ती तिथेच बसणार होती, हे कुणाला सांगावं लागलं नाही. मागची डावी सीट पिळून काढण्याइतकी ओली होती. उजवीकडे धाकटीने दिलेली कुंड्यांची टोपली ठेवली होती. बूच प्लास्टिकवर बसला, पण सांध्यातलं पाणी पाठीमागून त्यावर उतरतच होतं.

घरी पोचल्यावर तो उतरला तेव्हा शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी त्याला आधी पुढून पाहिलं, मग मागून. आणि फार मायेने म्हणाल्या, "ये बाळा, सावकाश ये."