ताणकाट्याने मोजलेला वाटा

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर एकतीस वस्तू होत्या. कपड्यांचे चार जोड, एक टॉवेल, एक स्वेटर, चपलांचा एक जोड, औषधांची एक पिशवी, एक जादा चष्मा, एक वही, दोन पेन्सिली, एक नकाशा, एक टॉर्च आणि एक छत्री, अशा पंधरा वस्तू प्रवासाच्या. नऊ पुड्या, चार डबे आणि दोन बाटल्या, अशा पंधरा वस्तू खाण्याच्या. एकतिसावा मी.

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. वर कडी, खाली आकडा आणि मध्ये पितळी नळीत बसवलेली पोलादी स्प्रिंग. आकड्याला वस्तू लावली की स्प्रिंग ताणते आणि वस्तूचे वजन दिसते. मी दहा किलोपर्यंत वजन करतो. पन्नास ग्रामला एक, अशा माझ्या अंगावर दोनशे रेघा आहेत. त्यांपैकी सतरा पुसल्या गेल्या आहेत, कारण चार ते पाच किलोंच्या दरम्यान मुले मला अंगठ्याने घट्ट धरायची. उरलेल्या एकशे त्र्याऐंशी रेघांवर आजही कोणी बोट ठेवून दाखवावे!

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. एक कामगार बाई माझ्या आकड्याला एकामागून एक प्रमाणित वजने लावत होती आणि काटा थांबेल तिथे खूण करत होती. तिने घाई केली नाही, म्हणून मला आयुष्यभर मान खाली घालावी लागली नाही.

तिथून मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत आलो. तिथल्या मदतनीस बाईंच्या हाताखाली मी चौतीस वर्षे काम केले. त्यांना सगळे नुसते 'बाई' म्हणत. विज्ञानाचे सर माझा आकडा माझ्या भावाच्या आकड्यात अडकवत आणि दोन मुलांना दोन्हीकडून ओढायला लावत. एक मुलगा पैलवान असो की दुसरा काडीपैलवान, आम्हा दोघा काट्यांवर वजन सारखेच यायचे. वर्ग आ वासून बघायचा. ते माझे वैभवाचे दिवस होते.

मग विजेवरचा वजनकाटा आला. त्याचे आकडे लाल उजेडात चमकायचे. मला तुटक्या स्टँडबरोबर एका खोक्यात टाकले. त्याच महिन्यात बाई निवृत्त झाल्या. शाळेने त्यांना भिंतीवरचे घड्याळ दिले. बाई म्हणाल्या, "घड्याळ राहू द्या. मला तो ताणकाटा द्या."

"अहो बाई, भंगार आहे ते," मुख्याध्यापक म्हणाले.

"तुम्ही मलाही याच महिन्यात मोकळं केलंत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला पदराला पुसून पर्समध्ये टाकले. दया म्हणून नव्हे. त्यांना माझे काम होते.

काम काय, ते टेबलाशी कळले. बाई चाळीस दिवस एकट्या प्रवासाला निघाल्या होत्या. आधी ठरवलेले हॉटेल नाही, वाटाड्या नाही. आवडेल त्या गावी उतरायचे, जमेल त्या घरी खोली घ्यायची, तिथले लोक खातील ते खायचे. बाईंचा खांदा एकदा मोडला होता आणि सात किलोंच्या वर उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. बाईंच्या मुलाने बॅग भरली, माझ्या आकड्याला लावली आणि मी सांगितले, नऊ किलो चारशे.

"झालं!" मुलाचा चेहरा खुलला. "आई, हे तुला उचलणार नाही. त्यापेक्षा आत्याबरोबर सहलीला जा. हमाल असतात, स्वयंपाकी असतो."

आत्या म्हणजे बाईंची थोरली नणंद. त्या नुकत्याच सहलीहून आल्या होत्या. "वहिनी, नऊ दिवसांत सात शहरं पाहिली," त्या म्हणाल्या. "पण तोंडाची चव म्हणून बिघडू दिली नाही. दोन्ही वेळा अगदी आपलं घरचं जेवण!"

"वन्सं, मग शहरं तरी कशाला पाहिलीत?"

"चाळीस दिवस बाहेरचं खाणार तू?" मुलगा कळवळून म्हणाला.

"ज्यांच्यासाठी ते घरचं आहे, ते जन्मभर खातात. त्यांना काही होत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बॅगेतून नऊ पुड्या, चार डबे, दोन बाटल्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. बॅग पुन्हा माझ्या आकड्याला लावली. सहा किलो तीनशे.

मुलगा हात जोडून म्हणाला, "ठीक आहे. पण एकदा का मध्येच परत आलीस, की पुढे कायम सहलीनेच जायचं. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, ही पैज माझ्यासमोर लागली, म्हणून सांगतो. बाईंना नुसती दोन-चार गावे बघायची नव्हती. उरलेले आयुष्य आपल्या पायांनी फिरायचे की दुसऱ्याच्या वेळापत्रकाने, हे ठरायचे होते.

पहिले अकरा दिवस उत्तम गेले. बाई बसमध्ये शेजारणीच्या डब्यातले खायच्या, अनोळखी अंगणात बसून भाजी निवडायच्या, नवे शब्द वहीत लिहायच्या. बाराव्या दिवशी आम्ही डोंगराच्या कुशीतल्या एका गावात उतरलो. शिंप्याच्या दुकानावर एक खोली मिळाली. कोपऱ्यात शेगडी होती आणि खिडकीखाली भाजीबाजार.

त्या बाजारात शेंगा विकणारी एक म्हातारी होती. आवाज असा करडा की सगळा बाजार तिला हवालदारीण म्हणायचा, तेही तिच्या तोंडावर. तिच्याकडे तराजू नव्हता. ती शेंगांचे वाटे लावायची. एक वाटा म्हणजे अदमासे किलो. गिऱ्हाइकाच्या पिशवीत वाटा टाकला की ती वर आणखी एक मूठ टाकायची. विचारायची नाही, सांगायचीही नाही.

आदल्या संध्याकाळी नणंदेने फोनवर बजावले होते, "परक्या गावात डोळ्यांत धूळ फेकतात हो वहिनी. मोजून घेत जा." बाईंनी तेव्हा हसण्यावारी नेले होते. पण चौतीस वर्षांची सवय ती. मंगळवारी सकाळी त्यांनी वाटा घेतला आणि हवालदारणीच्या समोरच पिशवी माझ्या आकड्याला लावली.

आजूबाजूची गिऱ्हाइके वळून पाहू लागली. मी माझे काम केले. एक किलो दोनशे.

बाई ओशाळल्या. पण ओशाळलेला प्रामाणिक माणूस काय करेल, याचा नेम नसतो. त्या म्हणाल्या, "मावशी, हे दोनशे ग्राम जास्त आलेत," आणि दोन मुठी शेंगा काढून त्यांनी परत ढिगावर ठेवल्या. पुन्हा मला लावले. एक किलो. बाईंनी समाधानाने वर पाहिले.

हवालदारणीचा चेहरा लालभडक झाला होता.

"आधी मला चोर ठरवलंत," ती म्हणाली. "आता माझ्या हातानं दिलेलं माझ्याच तोंडावर फेकता? न्या तुमचा नेमका किलो. आणि उद्यापासून दुसरीकडे बघा."

दुसरीकडे काही मिळाले नाही. बुधवारी अंडी विकणारे काका भरल्या टोपल्यांसमोर बसून म्हणाले, "संपली." पालेभाजीवालीने तोंड फिरवले. गुरुवारी खानावळीच्या मालकाने चार रिकामी टेबले असताना "जागा नाही" म्हणून सांगितले. बाईंनी दोन दिवस बिस्किटे खाल्ली. खोलीवर त्या विकत घेतलेल्या शेंगा होत्या, पण त्या शिजता शिजेनात. मंगळवारी अर्ध्या लावल्या, त्यांचे दोर झाले. गुरुवारी उरलेल्या लावल्या, त्यांचेही तेच.

मी पर्समध्ये पडून होतो. मित्रांनो, त्या दिवसांत बाईंनी मला एकदा हातात घेऊन बराच वेळ पाहिले. मला वाटले, आता फेकतात खिडकीतून. फेकले असते तरी मी माझे म्हणणे मागे घेतले नसते. मी एक किलो दोनशे सांगितले ते खरे होते. मी खोटे बोलून कमी सांगितले असते, तर बाईंनी हवालदारणीला आयुष्यभर लबाड समजले असते. मला कुठे आणि कोणासमोर लावायचे, ते मात्र माझ्या हातात नाही. ते माझी कडी धरणाऱ्याच्या हातात आहे.

गुरुवारी दुपारी मुलाचा फोन आला. आईचा आवाज मुलांना कळतो.

"जेवलीस का?"

"बिस्किटं खाल्ली."

"बघ! उद्या अकराची बस आहे. मी तिकीट काढतो. आई, पुरे झालं आता. हरलीस म्हणून कोणी हसणार नाही."

"आत्या हसतील."

"ती तर हसणारच. काढू तिकीट?"

बाईंनी शेगडीवरच्या पातेल्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "काढ. आणि उद्या अकरा वाजता फोन कर."

शुक्रवारी सकाळी त्यांनी बॅग भरली. मला वाटले, संपले. पण जिना उतरून त्या बसथांब्याकडे वळल्या नाहीत. एका खांद्याला बॅग आणि दोन्ही हातांत झाकण लावलेले पातेले, अशा त्या सरळ बाजारात शिरल्या आणि हवालदारणीसमोर उभ्या राहिल्या.

"आज काय मोजायला आलात?" हवालदारणीने मान वर न करता विचारले.

"मोजायला नाही. हे बघा माझं काय झालंय," म्हणत बाईंनी झाकण उघडले.

हवालदारणीने पातेल्यात डोकावले. एक शेंग उचलून चावली. चावत राहिली. शेवटी तिने तोंडातून वीतभर धागा ओढून काढला आणि अंडेवाल्या काकांना हाक मारली, "अहो, या इकडे! खाट विणायला सुतळी पाहिजे होती ना तुम्हाला?"

काका हसले, पालेभाजीवाली हसली. बाईंनाही हसू फुटले, पण ते डोळ्यांतून आले.

"शिरा काढल्या नाहीत?" हवालदारीण म्हणाली.

"काढायच्या असतात हे माहीत नव्हतं. आमच्याकडे ही शेंग होत नाही."

"मग विचारायचं होतं."

"तुम्ही बोलत कुठे होतात?" बाई म्हणाल्या. मग पातेले खाली ठेवून त्या ढिगाशेजारी जमिनीवरच बसल्या. "माझं चुकलं, मावशी. आमच्या बाजारातही भाजीवाली वर मूठभर टाकते. ते मी कधी मोजलं नाही. इथं मोजलं, कारण तुम्ही परक्या."

"परक्या तुम्ही," हवालदारीण फटकन म्हणाली. "मी इथलीच आहे."

हवालदारणीने त्यांच्या मांडीवर शेंगांचा ढीग ओतला. "टोक मोडायचं, शीर खाली ओढायची, मग दुसऱ्या बाजूनं. अशी नाही, अलगद. शाळेत होतात म्हणे, आणि हातात एवढा जोर?"

तासाभरात बाईंचा हात बसला. पहिल्या मिनिटाला तीन शेंगा व्हायच्या, शेवटी अकरा. वाट्यांच्या मागे एक स्टोव्ह होता. पालेभाजीवालीने आपली जुडी टाकली, काकांनी दोन अंडी फोडली, हवालदारणीने शेंगा टाकल्या आणि वरून कसली तरी काळपट पूड. सगळे एकाच भांड्यात. बाईंनी एक घास घेतला, कानापर्यंत लाल झाल्या, घटाघट पाणी प्यायल्या आणि वाटी पुन्हा पुढे केली.

अकराला बसने भोंगा दिला.

"तुमची गाडी," हवालदारीण म्हणाली.

"माझी नाही."

लगेच फोन वाजला. "आई, जागा मिळाली का?" मुलगा विचारत होता.

"मिळाली."

"खिडकीची?"

"जमिनीवरची. बाजारात आहे. शेंगांच्या शिरा काढतेय."

"आई, अगं बस!"

"गेली. अजून पंचवीस दिवस बाकी आहेत माझे. तिकिटाचं वाया गेलं, ते मी भरीन."

मग नणंदेचा आवाज आला. "वहिनी, खाल्लंत तरी काय?"

"नाव नाही विचारलं अजून, वन्सं. दुसऱ्यांदा वाढून घेतलंय," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

मित्रांनो, लोक मला जुना म्हणतात आणि बाईंना म्हाताऱ्या. म्हणोत. आम्हा दोघांची स्प्रिंग अजून ताणते आणि सोडली की जागेवर येते. मला महिन्यातून एकदा तेलाचा थेंब द्या. दहा किलोंच्या वर काही लटकवू नका, कारण एकदा सैल झालेली स्प्रिंग पुन्हा खरे बोलत नाही. आणि घर सोडून निघाल तेव्हा तुमची बॅग आधी मला दाखवा. तुम्ही केवढी भीती पुड्यांत बांधून घेतली आहे, ते मी ग्रामात सांगेन. मग ती टेबलावर ठेवून जा. पण कोणी आपल्या हाताने काही देत असेल, तर मला पर्समध्येच राहू द्या. तिथे मला बाहेर काढाल, तर मी खरे तेच बोलेन आणि शरम तुम्हाला वाटेल.

दुपारी हवालदारीण पाय मोकळे करायला उठली आणि बाईंना म्हणाली, "बसा माझ्या जागेवर. गिऱ्हाईक आलं तर द्या."

गिऱ्हाईक आले. एक तरुण शिक्षिका. बाईंनी वाटा उचलून पिशवीत टाकला, वर मूठ टाकली, थोडे थांबून आणखी टाकले. हवालदारीण खांबाला टेकून सगळे बघत होती. ती जवळ आली, तिने शिक्षिकेच्या हातातली पिशवी घेतली आणि बाईंच्या पर्सकडे बोट दाखवले.

"काढा तो तुमचा काटा."

"नको, मावशी."

"मी सांगतेय ना. लावा."

बाईंनी मला बाहेर काढले. हवालदारणीने स्वतः माझी कडी धरली आणि पिशवी आकड्याला लावली. स्प्रिंग ताणली, थोडी हलली आणि थांबली.

एक किलो साडेतीनशे ग्राम.